गाडी गॅरेजमध्ये आहे

आमच्या घरातली कुठली वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, ते मला झोपेतून उठवून विचारा. निळा स्वेटर थोरल्याचा. त्याच्यावरून धाकट्याला, धाकट्यावरून पुतण्याला, पुतण्याने कोपर फाडलं म्हणून पुतणीला, आणि पुतणीने नाक मुरडलं म्हणून परत माझ्याकडे. आता त्याने मी खिडक्या पुसते. पाळणा, कुकर, छत्री, सगळ्यांच्या पिढ्या मला पाठ आहेत. त्यामुळे सरकारी खिडकीमागच्या त्या कारकुनाने जेव्हा चष्म्यावरून बघत सांगितलं, की तुमच्या दारातल्या गाडीचा मागचा इतिहास लागत नाही, सबब ती बेवारशी आहे, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या दारात बेवारशी वस्तू? आमच्याकडे मांजर येतं तेसुद्धा कुणाचं तरी असतं!

गाडी आमच्या ह्यांची. म्हणजे तेव्हा तरी आम्ही तसं समजत होतो.

आमचे हे जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. दुकान बंद केल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मी म्हटलं, निदान खिडकीकडे तरी तोंड करा, लोक जाता-येता दिसतील. तर म्हणाले, "भिंत बरी आहे." माणूस भिंतीला बरी म्हणायला लागला की घरातल्या बाईने घाबरावं. मी घाबरले; पण तसं दाखवायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून ओरडले.

तेवढ्यात गावाबाहेरच्या एका कोंबडीवाल्याने बायकोचं मशिन बिघडलंय म्हणून बोलावलं. हे सकाळी पेटी घेऊन गेले आणि संध्याकाळी टेम्पोच्या मागे दोर लावून एक गाडी घेऊन आले. मशिन दुरुस्त करायला गेलेला माणूस मजुरीत गाडी घेऊन येतो, हे फक्त आमच्याकडेच घडू शकतं. गाडी म्हणजे काय, दोन सीटची, जमिनीला चिकटलेली, नाकाड पुढे आलेलं, आणि आत बोटभर कोंबड्यांची शिट. हे म्हणाले, "स्पोर्ट्स कार आहे." मी म्हटलं, "खेळून झालेली दिसतेय."

पण त्या दिवसापासून भिंत सुटली. बिल्डिंगखालच्या शेडमध्ये गाडी आणि गाडीखाली हे. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, शिलाई मशिनवाल्याला गाडीतलं काय कळतं? ह्यांचं म्हणणं असं, की इंजिन म्हणजे मोठं मशिनच, फक्त दोरा ओवायचा नाही. मशिनच्या तेलाच्या छोट्या कुपीने त्यांनी अख्खी गाडी थेंब-थेंब पाजली. सीटांना स्वतः टीप मारून कातडं चढवलं. कापडी टप शिवला, त्याला मी आपणहून बटणं लावून दिली, ती ह्यांनी उसवून परत लावली. मी सगळ्यांना सांगत असे, सवत असती तर निदान भांड्यांना हात लावला असता. पण जेवायला बसल्यावर हे बोलायला लागले होते. तोंडात घास असतानाही बोलायचे. मी कान बंद केल्यासारखं करून ऐकायची.

मग तो दिवस आला. गाडी लालभडक झाली होती. सगळी बिल्डिंग शेडपाशी जमली. मी ठेवणीतला कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि खाली उतरले. दार उघडलं, तर माझ्या सीटवर ह्यांची हत्यारांची पेटी.

"अगं, पेटी असू दे," हे स्टिअरिंगवरूनच म्हणाले. "त्या बाजूला तेवढंच वजन बरोबर लागतंय."

सगळ्या बिल्डिंगसमोर! मी दार लावलं, वर आले, कोट काढून ठेवला आणि मनाशी म्हटलं, या डबड्यात पुन्हा पाऊल टाकीन तर नाव सांगणार नाही. गाडी त्या दिवशी शेडच्या दारापर्यंत गेली आणि थांबली, कारण पुढे रस्ता लागतो आणि रस्त्याला नंबर लागतो.

गाडीवरची जुनी पाटी कधीच गळून पडली होती. नव्या नंबरासाठी अर्ज हवा होता, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ज म्हटलं की वरच्या मजल्यावरचे साहेब. साहेब कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. घरात दूध नासलं तरी ते "सदर दूध" म्हणतात. त्यांनी अर्ज लिहायला घेतला आणि ह्यांना विचारलं, "पूर्वीचे मालक कोण?"

हे म्हणाले, "कोंबडीवाला."

"त्याच्या आधी?"

"ते काही विचारलं नाही."

साहेबांनी पेन उचललं. "मग लिहितो, 'सदर वाहनाचे पूर्वमालक अज्ञात असून'. वाक्याला वजन येतं."

आलं वजन. त्या वजनाखाली आम्ही चिरडलो. खिडकीमागच्या कारकुनाने तेवढंच वाचलं आणि नियम काढला: ज्या गाडीचे मालक अज्ञात ती गाडी बेवारशी. महिनाअखेरपर्यंत गाडी ज्या ज्या हातांतून गेली ते सगळे हात क्रमाने सांगा, प्रत्येकाची सही आणा. नाहीतर गाडी उचलून सरकारी आवारात जाणार. त्या आवाराची भिंत मी बसमधून पाहिली आहे. आत गंजलेल्या गाड्या एकीवर एक पडलेल्या असतात.

हे घरी आले आणि त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली.

बस्स. मी पायात चपला घातल्या. "उठा," म्हटलं. "माणसांनी वापरलेली वस्तू आहे ना? मग माणसांना विचारू. स्वेटरचं लागतं तर गाडीचं का लागणार नाही?"

साहेब जिन्यात आडवे आले. "वहिनी, असं तोंडी विचारून चालत नाही. आधी रीतसर पत्र टाका."

"तुमच्या पत्राने गाडी अनाथ केली," मी म्हटलं. "आता मी तिचे आई-बाप शोधते."

कोंबडीवाला भला माणूस. सही मागितली तर लगेच दिली, पण त्याआधी बराच वेळ रडला. त्याचं म्हणणं, त्या गाडीत कोंबड्या जशा बसायच्या तशा कुठेच बसल्या नाहीत. "डाव्या सीटवर तर भांडणं व्हायची हो, मावशी. तुमच्या मिस्टरांनी गाडी नेली आणि माझं अंडं आटलं." वर आठवण म्हणून एक कोंबडी माझ्या पिशवीत घातली. नको म्हटलं तर पुन्हा रडायच्या बेतात आला. बसमध्ये ती पिशवीतून तोंड काढून शेजारच्या बाईच्या कानातलं बघत होती, आणि कंडक्टर मला विचारतो, "आजी, हिचं तिकीट?" मी म्हटलं, "मांडीवरच्या लेकराला तिकीट नसतं." त्याने पुढे विचारलं नाही.

घरी आल्यावर पिशवी उघडली, तर कोंबडी थेट शेडमध्ये. टप खाली होता. टुणकन उडी मारून डाव्या सीटवर, नव्याकोऱ्या कातड्यावर, नखं रोवून बसली. ह्यांनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र वरून ओरडले, "हा पुरावा आहे! पंचनामा करा!" एक कोंबडी त्या सीटवर बसली, आणि मी अजून बसलेली नव्हते, एवढं माझ्या मनात आलं.

कोंबडीवाल्याने गाडी घेतली होती एका बेकरीवाल्याकडून. बेकरी अजून चालू होती. आत शिरलं की भाजलेल्या पावाचा वास आणि गल्ल्यावर म्हातारा बेकरीवाला, ठार बहिरा. ह्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेऊन "गाडी! लाल गाडी!" म्हणून ओरडून घेतलं. त्याने लाल कागदात केक बांधून दिला. मग आतून त्याची बायको पिठाचे हात पुसत आली.

"ती गाडी होय!" ती म्हणाली. "आमच्या ह्यांना हौस. पावाचे ट्रे त्यात लावून घरोघर जायचे. ट्रे बसत नाहीत म्हणून टप कापून टाकला. मग पावसात पाव भिजले, ते मी महिनाभर घरच्यांना खायला घातले."

"तरीच," हे म्हणाले. "काटा असतो ना, वेग दाखवायचा, त्याच्या मागे मला अर्धा पाव सापडला."

"अर्धा सापडला? उरलेला आमच्या मधल्याने खाल्ला असणार."

मी मुद्द्यावर आले. "बाई, तुम्ही गाडी घेतली कुणाकडून आणि कधी?"

"दातांच्या डॉक्टरांकडून. आमच्या मधल्याला गोवर आला त्या वर्षी. पण खरं सांगू का?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला ऐकू येत नव्हतं तरी आवाज खाली केला. "डॉक्टरांनी सही दिलीच नाही. म्हणाले, गाडी बायकोच्या नावावर आहे, तुम्ही न्या, पण तिला कळता कामा नये. आम्ही नेली. आता डॉक्टर गेले. बाई आहेत म्हणतात."

मी ही हकीकत खिडकीवर जाऊन सांगितली. कारकुनाने लिहिता लिहिता विचारलं, "खरेदीची तारीख?"

"मधल्याला गोवर आला त्या वर्षी."

"बाई, तारीख."

"अहो, गोवर काय एका तारखेला येतो?"

त्याने पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांच्या नावावरून जुनं रजिस्टर चाळलं. मग हळूच म्हणाला, "बाई, हे सगळं सोडा. कागदावर आजही मालकीण ती डॉक्टरीणच. ती हयात आहे ना? मग तिची एक सही. ती देईल त्याची गाडी. नाही दिली तर तिची." म्हणजे आमचे हे, कोंबडीवाला, बेकरीवाला, सगळे इतकी वर्षं दुसऱ्याच्या गाडीत बसले होते!

डॉक्टरीणबाई बंद दवाखान्याच्या वर राहत. दार त्यांनीच उघडलं. माझ्यापेक्षा बऱ्याच म्हाताऱ्या, माझ्यापेक्षा ताठ. मला एकदम आवडल्या नाहीत.

"बस," मला म्हणाल्या. "त्या खुर्चीत बस. घरात तेवढीच धड आहे."

ती दातांची खुर्ची होती. दवाखाना मोडला तेव्हा वर आणून ठेवलेली. नाही म्हणणं बरं दिसेना म्हणून बसले, हात ठेवायला गेले आणि कुठल्याशा दांड्याला धक्का लागला. पाठ गेली खाली, पाय आले वर. पुढचं सगळं बोलणं मी छताकडे बघत ऐकलं. माझ्या आयुष्यात मी कुणाही बाईशी आडवं पडून वाद घातलेला नाही, पण वेळ येते.

ह्यांनी चाचरत सांगायला सुरुवात केली, "बाई, आम्ही त्या गाडीसाठी आलो. लाल, दोन सीटची..."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झाली का एकदाची दुरुस्त?"

ह्यांना कळेना.

"डॉक्टर म्हणायचे, गाडी गॅरेजमध्ये आहे. कधीही विचारलं तरी गाडी गॅरेजमध्ये आहे. जातानासुद्धा मी विचारलं, तर खूण केली, गॅरेजमध्ये. मी म्हटलं, असेल मोठं काम. तुम्ही गॅरेजवाले ना? हात बघून वाटतंच."

छताला एक तडा गेला होता. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे सगळं सांगून टाकतील: विकली, बेकरी, कोंबड्या, सगळं. आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. बोलले की कान लाल होतात.

"हो," हे म्हणाले. "झाली दुरुस्त."

मी मान वळवून पाहिलं. कान लाल नव्हते. म्हणजे खरंच होतं ते. दुसऱ्या कुणी दुरुस्त केली होती?

"मग आणा माझी गाडी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी खुर्चीतून उठायला गेले. उठता आलं नाही. "अहो, सांगा की त्यांना! रात्रंदिवस खपलात त्या गाडीवर!" मी छताला सांगितलं.

"आणतो, बाई," हे म्हणाले. "तुमचीच आहे."

येताना बसमध्ये मी ह्यांच्यात आणि माझ्यात पिशवी ठेवून बसले. हे खिडकीबाहेर बघत होते, भिंतीकडे नव्हे, एवढाच काय तो दिलासा. घराजवळ आल्यावर म्हणाले, "तिची वस्तू तिला पोचवायला नको का? तू नाही का, स्वेटर परत आला की जपून ठेवतेस."

"मी त्याने खिडक्या पुसते," मी म्हटलं. पण रागाची धार गेली होती.

नंबर नाही म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायची नाही. म्हणून बेकरीवाल्याच्या मुलाने, त्या गोवरवाल्या मधल्यानेच, पावाची व्हॅन आणली आणि गाडी दोराने मागे बांधली. कोंबडीवाल्याला कुणी कळवलं देव जाणे, तोही येऊन व्हॅनमध्ये बसला, डोळे पुसत. गाडीत स्टिअरिंगवर हे, आणि डाव्या सीटवर, मांडीवर फाइल घेऊन, वरचे साहेब. कुणीतरी जबाबदार व्यक्ती वाहनासोबत हवी, असं त्यांचं म्हणणं. मी व्हॅनच्या मागच्या दारात पावाच्या रिकाम्या ट्रेवर बसले, तोंड गाडीकडे. सबंध रस्ताभर ती लाल गाडी माझ्याकडे बघत आली, आणि साहेब रस्त्यातल्या लोकांना हात करत होते.

दवाखान्यामागे भिंतीने बंद केलेलं अंगण होतं. तिथे दोर सोडला. डॉक्टरीणबाई जिन्यावरून उतरत होत्या, एकेका पायरीवर थांबत. अंगात कोट, डोक्याला रुमाल, डोळ्यांना काळा चष्मा. असंच नटून मी एकदा जिना उतरले होते.

त्या सरळ साहेबांपाशी आल्या. "उतरा. ती माझी जागा आहे."

"सदर जागा..." साहेब सुरू झाले, आणि उतरले.

बाईंनी सीटवर हात फिरवला. "इथे मी कधीच बसले नाही, माहीत आहे? लग्नात कबूल केलं म्हणून गाडी माझ्या नावावर केली, पण इथे दातांचे साचे ठेवायचे. म्हणायचे, तेवढंच वजन बरोबर लागतं. माझ्या जागेवर दुसऱ्यांच्या कवळ्या सगळ्या गावातून फिरून आल्या!"

आमच्या ह्यांचे कान लाल झाले. मी बघितलं. त्यांनीही बघितलं की मी बघितलं. मग त्यांनी सीटमागची हत्यारांची पेटी उचलली आणि पार भिंतीपाशी नेऊन ठेवली.

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. कोंबडीवाल्याने डोळे मिटले. हे उतरले, बॉनेट उघडलं, खिशातली मशिनच्या तेलाची कुपी काढून कुठेतरी एक थेंब सोडला, जसा आयुष्यभर बायकांच्या मशिनांत सोडला तसाच, आणि गाडीने घसा साफ केला. मग बोलायला लागली. अंगणात गोल गोल फेऱ्या सुरू झाल्या. बाईंनी रुमाल सोडला. पांढरे केस उडायला लागले. प्रत्येक फेरीला त्या ओरडायच्या, "आणखी एक!" आणि कोपऱ्यावर हात लांब करून हॉर्न वाजवायच्या. बेकरीवाल्याचा मुलगा टाळ्या वाजवत होता. मी पण वाजवल्या असत्या, पण हातात साहेबांची फाइल होती.

शेवटी गाडी थांबली. बाई बराच वेळ उतरल्याच नाहीत.

"चांगली दुरुस्त केलीत," ह्यांना म्हणाल्या. "पण मी आता काय करू हिचं? जिना उतरायलाच अर्धा दिवस गेला. सही करून देते. आणा कागद."

साहेबांनी झडप घातली. "इथे, नवीन मालकाचं नाव..." आणि पेन ह्यांच्या नावावर नेलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. चष्मा वर करून त्यांनी मला बोलावलं. "तू, खुर्चीवाली. इकडे ये. ह्या गाडीत बसलीस का कधी?"

खोटं बोलणं माझ्याही स्वभावात नाही. "नाही."

"वाटलंच." साहेबांना म्हणाल्या, "हिचं नाव लिहा. पुरुषाच्या नावावर केली काय आणि बायकोच्या नावावर करून दडवली काय, बसायला मिळत नाही. हिच्या नावावर करा, आणि हिच्यासमोर करा."

"पण बाई, मला चालवता येत नाही," मी म्हटलं.

"मला तरी कुठे येत होती? मालकीण होते की नाही?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, तोंड पडेल. तर हे हसत होते. दुकान बंद झाल्यापासून मी ते हसणं पाहिलं नव्हतं. गाडीमुळे बोलले होते, हसले नव्हते. "बरोबर आहे," म्हणाले. "मी मेकॅनिक. मेकॅनिकला गाडी मिळत नाही, नुसता हात काळा होतो."

खिडकीवर कारकुनाने सगळं पुन्हा विचारलं. मी सांगितलं: डॉक्टरीणबाई मालकीण. बेकरीवाला आणि कोंबडीवाला नुसते सांभाळणारे. आमचे हे दुरुस्त करणारे. त्याने विचारलं, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "आता मी." त्याने शिक्का असा मारला की टेबल हललं.

नंबर लागला त्या सकाळी मी कोट घातला, रुमाल बांधला. बिल्डिंग शेडपाशी जमली होतीच. डाव्या सीटवर कोंबडी बसली होती. तिला ह्यांनी दोन्ही हातांनी उचलून साहेबांच्या फाइलवर ठेवलं, सीट कोपराने पुसली आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. मी बसले. सीट खोल होती, गुडघे नाकाशी आले, आणि टपाला त्यांनी परत लावलेली बटणं, खरं सांगायचं तर, माझ्यापेक्षा चांगली लागली होती.

"कुठे जायचं?" हे म्हणाले.

"आधी डॉक्टरीणबाईंकडे. त्यांना खिडकीतून दिसायला हवी." गाडी शेडच्या दाराबाहेर आली, रस्त्याला लागली, आणि ह्यांनी जरा जास्तच जोरात वळण घेतलं. मी दाराला घट्ट धरलं. "अहो, सावकाश! माझी गाडी आहे."